चौलचीं प्रार्थनामंदिरें आणि त्यांच्या जीर्णोद्धाराचा पैसा

अलीबागेहून दक्षिणेस निघालेला रस्ता नारळी-पोफळींच्या वाड्यांतून चौलास येतो आणि तेथून पुढें रेवदंड्याच्या पडक्या कोटांत शिरतो. कोटांतील माडांच्या शेंड्यांवर डोकें काढून एक उंच चौकोनी मनोरा उभा आहे. लोक त्यास सातखणी म्हणतात. फ्रान्सिस्कन पंथाच्या सेंट बार्बरा या चर्चचा तो मनोरा होय. त्याच कोटांत डोमिनिकन, ऑगस्टिनियन व जेझुइट या पंथांच्या मठांचे व चर्चांचे अवशेष विखुरलेले आहेत. भिंती उभ्या आहेत, कमानी शिल्लक आहेत. छप्पर तेवढें कोठें राहिलेलें नाहीं.

चौलचा इतिहास सांगतांना आपण १५०८ ची आरमारी लढाई सांगतों, १५२१ त बुऱ्हाण निजामशहानें पोर्तुगीजांस किल्ला बांधण्याची दिलेली परवानगी सांगतों, १५७०-७१ चा मुर्तुजा निजामशहाचा वेढा सांगतों, आणि १७४० त हें ठाणें मराठ्यांच्या हातीं आलें तेथें प्रकरण संपवितों. हें सर्व यथास्थित आहे. परंतु या इमारतींच्या चुन्याचा, वाशांचा आणि कौलांचा खर्च दरसाल कोण देत होतें, आणि तो देणारा हात केव्हां आखडला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा थोडासा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. कोंकणपट्टींत तोफेनें पडलेल्या इमारतींपेक्षां पावसानें पडलेल्या अधिक. छप्पर दरसाल मृगापूर्वीं शाकारलें नाहीं तर पहिल्या वर्षीं गळूं लागतें, पुढें वासे कुजतात, मग आढें खालीं येतें, आणि उघड्या पडलेल्या भिंतींत पिंपळ रुजतो. म्हणजे येथें इमारत एकदां बांधून भागत नाहीं. ती सतत बांधीत राहावी लागते. बांधण्याचा पैसा एक राजा किंवा एक धनिक देऊं शकेल, पण शाकारणीचा पैसा पिढ्यान् पिढ्या देणारें कोणी तरी जवळ राहात असावें लागतें.

रेवदंड्याच्या चर्चांचा पैसा कोणता होता? पोर्तुगीज अमलांत धर्मकार्याचा भार मुख्यतः राजावर असे. पूर्वेकडील चर्चांचें पालकत्व पोपांनीं पोर्तुगालच्या राजास दिलें होतें. धर्माधिकारी सुचविण्याचा हक्क राजाचा, आणि त्याबरोबर चर्चें बांधण्याची व चालविण्याची जबाबदारीहि त्याचीच. या व्यवस्थेस पाद्रोआदो म्हणत. तिच्या जोडीला व्यापाऱ्यांच्या देणग्या, मृत्युपत्रांनीं ठेविलेल्या रकमा आणि धर्मबंधुमंडळांनीं जमविलेली भिक्षा असे. चौल तेव्हां रेशमी कापडासाठीं प्रसिद्ध होतें आणि होर्मुझशीं त्याचा मोठा व्यापार चाले. त्यामुळें १५७०-७१ च्या वेढ्यांत शहराच्या कडेचे मठ व घरें हींच लढाईचे मोर्चे झालीं असतांहि, वेढा उठल्यावर शहर पुन्हां उभें राहिलें आणि चर्चेंहि सजलीं. देणारा हात भरलेला होता.

पण हा पैसा जेथून येत होता तीं ठिकाणें चौलाबाहेर होतीं. १६२२ त होर्मुझ पोर्तुगीजांच्या हातून गेलें. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई इंग्रजांस मिळाली आणि हळूहळू व्यापार तिकडे वळला. १७३९ त वसई पडली व पुढच्याच वर्षीं तहान्वयें चौल व कोर्लई मराठ्यांस मिळालीं. सरकारी अंमल उठला, त्याबरोबर राजाचा पैसा थांबला. व्यापारी व अधिकारी घराणीं गेलीं, त्यांच्याबरोबर देणग्या गेल्या. भिक्षुमंडळी गेली, तेव्हां भिक्षा मागणारेहि उरले नाहींत. यानंतर चर्चें परधर्मीयांनीं पाडिलीं किंवा नाहीं हा वाद फारसा महत्त्वाचा राहात नाहीं. ज्या इमारतीचा धनी निघून गेला तिला पाडावयास कोणी यावें लागत नाहीं.

येथें तुलनेसाठीं चौलच्या उत्तरेस, समुद्रमार्गानें थोड्याच अंतरावर असलेल्या मुंबईकडे पाहणें उपयुक्त होईल. कारण तेथें याच काळांत एक पडकें राहिलेलें चर्च वर्गणीनें उभें राहिलें, आणि तें कसें हें आपणांस बऱ्याच तपशिलानें ज्ञात आहे. गव्हर्नर जेराल्ड आंजियर यानें १६७६ च्या सुमारास मुंबईंत इंग्रजांच्या चर्चचा पाया घातला. त्यासाठीं पैसाहि जमला होता. परंतु आंजियर वारला, आणि भिंती सुमारें पंधरा फूट वर आल्यावर काम जें बंद पडलें तें चाळीस वर्षें तसेंच राहिलें. जमलेला पैसा सर जॉन चाइल्ड यानें गिळंकृत केला, असा आरोप अलेक्झांडर हॅमिल्टन या प्रवाशानें आपल्या ग्रंथांत केला आहे. हॅमिल्टन हा कंपनीच्या अधिकाऱ्यांवर रुष्ट असलेला लेखक. त्याचें म्हणणें जपून घेतलें पाहिजे. पण असा आरोप उघडपणें होऊं शकला, आणि अर्धवट भिंती चाळीस वर्षें लोकांच्या डोळ्यांसमोर राहिल्या, एवढें तरी निर्विवाद आहे.

१७१४ त रिचर्ड कॉब नांवाचा पाद्री मुंबईस आला. किल्ल्यांतील एका खोलींत उपासना चालत असे, ती त्याला रुचली नाहीं. १९ जून १७१५ या रविवारीं त्यानें चर्च बांधण्याच्या कर्तव्यावर प्रवचन केलें. प्रवचन संपतांच गव्हर्नर एस्लाबी यानें त्याच्या उत्साहाचा उल्लेख केला, आणि कॉबनें तत्क्षणीं त्यास वर्गणी विचारली. गव्हर्नरानें आपल्या नांवावर एक हजार रुपये लिहावयास सांगितले. मग यादी तयार झाली. कौन्सिलाचे सभासद, व्यापारी, जहाजांचे कप्तान, तसेंच सुरत, मद्रास व बंगाल येथील वखारींतील मंडळी यांच्याकडून पैसा आला. कंपनीनेंहि हातभार लाविला. नीतिभंगाबद्दल चर्चकडून मिळणाऱ्या शिक्षेऐवजीं भरलेला दंडहि त्यांत जमा झाला. १७१८ च्या नाताळाच्या दिवशीं चर्च उघडलें. मुंबईच्या कोटांतील सेंट थॉमस कॅथीड्रल तें हेंच. ज्या दरवाजानें लोक त्याच्याकडे येत त्यास चर्चगेट नांव पडलें, व तें आज रेल्वेच्या स्टेशनास चिकटलें आहे.

या हकीकतींत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी, कीं १६७६ चा पैसा आणि १७१५ चा पैसा यांत मुख्य अंतर रकमेचें नव्हतें. पहिल्या खेपेस धनी एक होता. तो गेल्यावर हिशेब विचारणारा कोणी राहिला नाहीं. दुसऱ्या खेपेस यादी होती. कोणीं किती दिले हें लिहिलेलें होतें, आणि देणारा मनुष्य दर रविवारीं त्या भिंतींकडे पाहात होता. कॉबनें पुढें १७६६ त या सर्व प्रकरणाचा वृत्तांत छापून काढिला, म्हणूनच तो आपणांस इतका तपशिलानें सांपडतो.

त्या नाताळच्या समारंभास रामाजी कामत हे आपल्या ज्ञातिबांधवांसह आले होते आणि उपासना चालू असेपर्यंत ते बाहेर उभे राहिले, अशी नोंद आहे. याच रामाजींनीं पोर्तुगीज काळांत मोडलेलें वाळकेश्वराचें देऊळ १७१५ च्या सुमारास पुन्हां बांधिलें. म्हणजे एकाच बेटावर, एकाच वेळीं, एक जीर्णोद्धार यादीनें व एक एका गृहस्थाच्या औदार्यानें चालला होता. पुढें १७२० त कान्होजी आंग्र्यांशीं संधान बांधल्याच्या आरोपावरून रामाजींवर खटला झाला, मालमत्ता जप्त झाली व त्यांस कैदेंत टाकिलें. ज्या पत्रांवर आरोप उभा होता तीं बनावट असल्याचें मागाहून पुढें आलें. एका दात्याच्या भरंवशावर राहिलेलें धर्मकार्य किती नाजूक असतें, हें यावरून दिसावें. देऊळ टिकलें तें पुढच्या भक्तांनीं सांभाळलें म्हणून.

आतां पुन्हां चौलकडे वळूं. रेवदंड्याच्या कोटासमोर, कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला आहे. त्याच्या पायथ्याच्या गांवांत ख्रिस्ती कुळें राहतात. पोर्तुगीज गेले तेव्हां हे लोक गेले नाहींत; त्यांना जावयास दुसरें ठिकाण नव्हतें. हजाराच्या आसपास माणसांची ही वस्ती आजहि घरांत पोर्तुगीजापासून झालेली एक निराळी बोली बोलते आणि माउंट कार्मेलच्या मातेच्या चर्चमध्यें प्रार्थनेस जमते. किल्ल्यावरचें चर्च पडलें, गांवांतलें चालू राहिलें. रेवदंड्याचीं भव्य मंदिरें ओसाड झालीं आणि शेतकरी-मजुरांचें साधें चर्च नांदतें राहिलें, या विरोधांतच आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे.

उरलेलें अर्धें उत्तर रेवदंड्याच्या बेने इस्रायल समाजाकडे सांपडतें. नवगांवच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज येथें आले अशी या समाजाची परंपरा आहे. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून कुलाबा जिल्ह्यांत त्यांस शनवार तेली म्हणत. गांवांवरून पडलेल्या आडनांवांत चेऊलकर हें आडनांव चौलचीच खूण आहे. बराच काळ यांस निराळें प्रार्थनामंदिर नव्हतें. उपासना घरींच होई. पहिलें मंदिर १७९६ त मुंबईंत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं बांधिलें. टिपूच्या कैदेंतून सुटल्यास मंदिर बांधीन असा त्यांनीं नवस केला होता, असें सांगतात. समाजाचे लोक प्रार्थनामंदिरास मशीद म्हणत, आणि मुंबईंतील मशीद बंदर हें नांव याच इमारतीवरून पडलें असेंहि कित्येकांचें मत आहे. तेंहि मंदिर पुढें १८६० त दुसऱ्या जागीं नव्यानें बांधावें लागलें.

रेवदंड्याचें बेथ एल मंदिर १८४२ तलें. त्यानंतर अलीबागेस १८४८ त व पनवेलीस १८४९ त मंदिरें झालीं. हा काळ महत्त्वाचा आहे. तेल्याच्या घाण्यावर कोणाची भरभराट होत नाहीं. परंतु या समाजांतील अनेक पुरुष कंपनीच्या मुंबई फौजेंत चाकरीस राहिले, कित्येक देशी अंमलदारीपर्यंत चढले, आणि नियमित पगार व पेन्शन यांचा रोकड पैसा गांवीं येऊं लागला.

हा पैसा मंदिरांत येण्याच्या वाटा ठरलेल्या होत्या. समाजाचा कारभार मुकादम, चौगुला व काजी पाहात. मंदिरांत खजिन्याचें काम गबाईकडे, प्रार्थना म्हणण्याचें हजानाकडे व झाडलोट-दिवाबत्तीचें समासाकडे असे. सणाच्या दिवशीं तोरेची पेटी उघडण्याचा, ग्रंथ बाहेर काढण्याचा व वाचनास उभें राहण्याचा मान बोली लावून दिला जाई. जो अधिक बोले त्याला मान, आणि रक्कम मंदिरास. नवस फेडतांना, लग्नाच्या वेळीं, मुलाच्या सुंतेच्या वेळीं कांहीं ना कांहीं ठेवावें लागे. नवसाचीं फळें आणून त्यांचा लिलाव होई, आणि पांच-पंचवीस माणसांत एकाच नारळाची किंमत हंसतखेळत चढत जाई. कोणावर कर म्हणून बसविलेला नसे. पण चारचौघांत नांव उच्चारलें जाई, आणि नांव उच्चारलें गेल्यावर मागें सरणें कठीण. राजाच्या एका सनदेनें जें काम झालें नाहीं तें या लहान लहान रकमांनीं केलें, कारण त्या कधीं संपल्या नाहींत. अलीबागेचें मंदिर १९१० त पुन्हां बांधलें गेलें, यावरूनहि साठ वर्षांनंतर तेथें देणारी मंडळी उभी होती हें स्पष्ट होतें.

यावरून आमचें अनुमान असें, कीं जीर्णोद्धाराच्या पैशास तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याचें नांव लिहिलेलें असणें, घेणाऱ्यावर विश्वास असणें, आणि देणारा त्या इमारतीजवळ राहात असणें. रेवदंड्याच्या चर्चांस तिसरी उरली नाहीं. आंजियरच्या चर्चास प्रथम दुसरी नव्हती. ती आल्यावर तें उभें राहिलें, इतकें कीं अलीकडे त्याचा जो जीर्णोद्धार झाला त्यास २००४ त युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

परंतु तिसऱ्या अटीपुढें सर्वांचेंच बळ थकतें. १९४८ त इस्रायलचें राज्य झाल्यानंतर कोंकणांतील बेने इस्रायल कुटुंबें मोठ्या संख्येनें तिकडे गेलीं. रेवदंड्यास आज थोडींच घरें उरलीं आहेत. सामुदायिक प्रार्थनेस निदान दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात, असा धर्मनियम आहे. कौलांचा पैसा परदेशाहून पाठवितां येईल. दहा माणसें पाठवितां येत नाहींत. १७४० त जो प्रसंग समोरच्या कोटांतील चर्चांवर आला तोच, तलवारीशिवाय व कोणाच्या वैराशिवाय, या मंदिरापुढें उभा आहे. दोहोंत फरक इतकाच, कीं येथें जाणारे लोक वाटेवर परत फिरून पाहतात आणि आपल्या गांवाचें नांव आडनांवांत घेऊन गेले आहेत.

शेवटीं एक विनंती. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनीं बेने इस्रायलांचा इतिहास १८९७ त लिहून ठेविला, तो १९३७ पर्यंत छापला गेला नाहीं. तरीहि हस्तलिखित जपलें गेलें म्हणून आज आपणांस आधार आहे. देवळांच्या, चर्चांच्या, मशिदींच्या व प्रार्थनामंदिरांच्या वर्गणीच्या वह्या मात्र कोणी जपत नाहीं. शिलालेख बहुधा एका मोठ्या दात्याचें नांव सांगतो. उरलेले शेंकडों दाते वहींत असतात, आणि वही वाळवीच्या तोंडीं जाते. चौल, रेवदंडा, कोर्लई व अलीबाग या भागांत ज्यांच्या घरीं अशा वह्या, लिलावाच्या नोंदी किंवा दुरुस्तीचे हिशेब असतील त्यांनीं ते रद्दींत न टाकतां संशोधकांस दाखवावे. चार आण्यांची नोंद सनदेइतकीच बोलकी असूं शकते. सातखणीच्या भिंतींस जें सांगतां येत नाहीं तें ती सांगेल.