तबकडीवरचा हात

फिरत्या रेकॉर्डला हात लावायचा नाही, हा ग्रामोफोन असलेल्या प्रत्येक घरातला दंडक. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या काही पोरांनी तो मोडला आणि त्यातून एक नवा हुन्नर जन्माला आला.

११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली. रेकॉर्ड वाजवायला होता तिचा जमैकात जन्मलेला भाऊ, डीजे कूल हर्क. गाणं थांबून नुसता ड्रम वाजतो, त्या तुकड्यावर नाचणारे सर्वांत जास्त रंगतात, हे त्याने हेरलं. हा तुकडा असायचा काही सेकंदांचा. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून त्याने तो लांबवायला सुरुवात केली. आपली निवड कुणी उचलू नये म्हणून तो रेकॉर्डवरची लेबलं धुऊन काढायचा. गाण्याचं नाव असं लपवता येतं. हाताचा हुन्नर मात्र शेजारी बसूनच शिकावा लागतो.

तसा तो शिकला गेला. जोसेफ सॅडलर, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश, व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. दोन तुकडे ठेक्यात बिनचूक जुळले पाहिजेत, हा त्याचा ध्यास. तबकडी हाताने मागेपुढे सरकावी म्हणून त्याने खालच्या रबरी चकतीऐवजी फेल्टची चकती वापरली. तुकडा कुठे सुरू होतो ते कळावं म्हणून तबकडीवर खुणा केल्या. या काळातला त्याचा जोडीदार होता जीन लिव्हिंग्स्टन, ‘मीन जीन’. दोघांचा रियाज चालायचा तेव्हा जीनचा धाकटा भाऊ थिओडोर बघत असायचा.

हा थिओडोर १९६३ चा, म्हणजे अजून शाळकरी. तो सांगतो, एकदा खोलीत सराव चालू असताना आवाज कमी कर म्हणून आई दारात आली. तिचं बोलणं होईपर्यंत त्याने तबकडी हाताने धरून ठेवली, आणि हात मागेपुढे हलत राहिला. खर्र, खर्र. तो आवाज त्याला आवडला. पण लगेच लोकांपुढे न जाता त्याने तो आधी घोटून घोटून पक्का केला. हेच स्क्रॅचिंग. १९८३ मध्ये हर्बी हॅनकॉकच्या ‘रॉकिट’मधून ते जगभर पोहोचलं. तिथे तबकडीवर हात होता ग्रँडमिक्सर डी.एसटी.चा.

याच काळात, १९७५ च्या आर्थिक संकटात, न्यूयॉर्क शहराने हजारो शिक्षकांना घरी बसवलं. कला आणि संगीताच्या वर्गांनाही त्याची झळ बसली. ‘बघा, गरिबीतून कला फुलते’ असं म्हणणं सोपं आहे. एक शिक्षक म्हणून मला ते पटत नाही. गरिबीने या मुलांना काही दिलं नाही. दिलं ते एकमेकांनी. शहर हात आखडता घेत होतं, तेव्हा मित्राची खोली हीच त्यांची शाळा झाली, आणि एकाची चूक दुसऱ्याचा कान पकडू लागला.

तरीही इतिहासात नाव राहतं एकट्याचं. फ्लॅश जगाला माहीत आहे, थिओडोर जाणकारांना, आणि जीन फार थोड्यांना. आपल्या मैफलीतही उस्तादांचं नाव पत्रिकेत मोठ्या अक्षरांत असतं. रात्ररात्र बसून त्यांच्याबरोबर ठेका धरणारा कोण होता, हे विचारणारा विरळाच. इतिहास शिकवताना तो प्रश्न आपण विचारायला हवा.