खेळांत परतलेलें जडत्व

अमेरिकन लेखक ई. ई. स्मिथ यांच्या ‘लेन्समन’ कादंबऱ्यांतील अवकाशयानें जडत्वच नाहींसें करून धांवतात. वाचकाला मौज वाटते; निसर्गाला मात्र तें मान्य नाहीं. या कादंबऱ्यांनीं वेडावलेल्या स्टीव्ह रसेलनें मित्रांच्या साहाय्यानें १९६२ सालीं मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत, पीडीपी-१ या गणकयंत्रावर, ‘स्पेसवॉर’ हा दोन यानांच्या लढाईचा खेळ रचला. नवल हें कीं, कादंबरीनें घालविलेलें जडत्व या भक्तांनींच परत आणलें!

पडद्यावरील यान एकदां वेगांत आलें कीं आपण होऊन थांबत नसे. तोंड फिरवून उलट जोर लावावा लागे. न्यूटननें १६८७ सालीं ग्रंथांत मांडलेला नियम येथें बोटांना कळे. पुढें डॅन एडवर्ड्सनें मध्यभागीं ओढणारा तारा बसविला. मग डाव केवळ नेमबाजीचा उरला नाहीं. ताऱ्याच्या ओढीनेंच वेग मिळविणारा वरचढ ठरे, बेसावध त्यांत गडप होई. टॉर्पेडोंना मात्र गुरुत्वाकर्षणांतून सूट द्यावी लागली, कारण तेवढें गणित यंत्राला पेलेना.

निसर्गनियमांनीं कल्पनेचे पंख कापले जातात, अशी तक्रार आपण ऐकतों. या खेळांत तर खरी चुरस त्या नियमांनींच आणली.