खांदेरीचा दीप

हिंगोलीकडील वाचकांस दीप म्हटला की देवळापुढली दीपमाळ आठवावी, हे स्वाभाविकच आहे. दीपमाळ माणसांस जवळ बोलाविते. समुद्रातील दीपस्तंभ बहुधा याच्या उलट सांगतो: मला ओळखा आणि दूर राहा. मुंबई बंदराच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर असलेल्या खांदेरी बेटाने ही ‘दूर राहा’ची आज्ञा दोन निराळ्या रीतींनी दिली आहे.

पहिली रीत तोफांची. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी याजकडून येथे तटबंदी आरंभिली. मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांवर येथून नजर राहणार होती. इंग्रज खवळले ते उगाच नव्हे. त्यांनी गलबते आणून बेटाची कोंडी केली. परंतु मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या काळोखात रसद घेऊन निसटत आणि मोठ्या जहाजांस त्या सापडत नसत. ऑक्टोबरात दौलतखानाच्या आरमाराशी झुंज झाली. ‘डव्ह’ हे इंग्रजी गलबत मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ मात्र नेटाने टिकले, हेही सांगितले पाहिजे. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. पुढे १७१८ साली, कान्होजी आंग्रे यांच्या काळात, त्यांनी पुन्हा हल्ला केला, तोही फसला.

ज्या बेटाचा काळोख हा मित्र, त्याच बेटावर १८६७ साली इंग्रजी अमलात दीपगृह उभे राहिले! आगबोटींची वर्दळ वाढत होती. दोनच वर्षांनी सुएझचा कालवा खुला झाला. आता हे बेट आणि दीपगृह कान्होजींच्याच नावाने ओळखले जाते. इंग्रज त्यांस चाचा म्हणत.

हल्ली जहाजाचे स्थान उपग्रह सांगतात. मग दीप कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. पण यंत्र बिघडते, संदेशात घोटाळा होतो. प्रत्येक दीपाची उघडझाप ठरलेली असते; ती मोजून खलाशी तो कोणता हे ओळखतो, आणि यंत्राचे म्हणणे डोळ्यांनी पडताळून पाहतो. लहान मचव्यावरील कोळ्यास तर ही खूण फुकट मिळते. १९२७ चा दीपगृहांचा कायदा जाऊन २०२१ साली नवा आला, त्यातही दीपगृहांस स्थान आहेच.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत खांदेरी आहे. तेथे जाणाऱ्याने तट पाहावाच, पण परक्यांचा म्हणून मनोरा टाळू नये.