आपल्या सर्व्हे नंबरची गोष्ट

सोसायटीचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपण सगळे भूमिपूजनाच्या नारळापासून सुरुवात करतो. मग पहिली कमिटी, पहिला गणपती, पहिल्यांदा लिफ्ट अडकली तो दिवस. या सगळ्यावर याच अंकात माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेल्या सभासदांनी लिहिलं आहे. मला लिहायचंय ते नारळाच्या आधीचं. आपल्या इमारती आहेत तिथे आधी ज्वारी होती, आणि त्या ज्वारीच्या रानाला एक नंबर होता. तो सर्व्हे नंबर आजही आपल्या प्रत्येकाच्या अॅग्रीमेंटच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर आहे, पण तो वाचतं कोण!

सोसायटीच्या ऑफिसात कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक जाडजूड फाइल आहे. मी सेक्रेटरी असताना ती बऱ्याचदा चाळली. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, झोन दाखला, लेआउटची मंजुरी, बिनशेतीचा आदेश, सनद, बांधकामाचा परवाना. नवी कमिटी आली की कोणीतरी विचारतंच, "ही रद्दी कशाला ठेवलीय?" ती रद्दी नाही. शेताचं घर कसं झालं, कोणी कोणाला काय विचारलं आणि काय विचारायचं राहून गेलं, हे सगळं त्या फाइलीत आहे.

नंबर आणि गुंठा

सर्व्हे नंबर ही पद्धत आपल्याच जिल्ह्यातली. इंग्रज अमदानीत विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमिनीची नव्याने मोजणी आणि आकारणी केली. प्रत्येक शेताला नंबर, नंबराला क्षेत्र, क्षेत्राला सारा. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. मोजणीची साखळी 33 फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. आपण आज फ्लॅटचा भाव चौरस फुटात करतो, पण बाहेर गावात अजूनही जमिनीची बोली गुंठ्यातच होते.

नंबर पडला खरा, पण वाटण्या काही थांबल्या नाहीत. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा बारकाईने अभ्यास केला आणि 1917 साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. होय, तेच पिंपळे सौदागर, जिथे आज आपल्यातल्या कित्येकांच्या मुली-सुना राहतात. 1771 साली त्या गावात सरासरी 40 एकरांचं खातं होतं. मान यांनी पाहिलं तेव्हा ते सात एकरांवर आलं होतं, आणि तेही एका जागी नाही, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. हे चित्र काही त्या एकाच गावाचं नव्हतं. म्हणून 1947 साली तुकडेबंदीचा कायदा आला. ठरलेल्या प्रमाणापेक्षा लहान तुकडा पाडून विकायचा नाही, हा त्याचा गाभा. 2023 साली बहुतेक जिल्ह्यांत हे प्रमाण बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे असं ठरलं.

हे सगळं शेतकऱ्यासाठी. मग आपण, शेतकरी नसलेली नोकरदार माणसं, या जमिनीवर आलो कसे? कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही. दार एकच, ती जमीन शेतीची राहता कामा नये.

बिनशेती म्हणजे काय विचारलं जातं

शेतजमिनीचा दुसऱ्या कामासाठी वापर करायचा तर कलेक्टरची परवानगी हवी, हे 1879 च्या जमीन महसूल कायद्यापासून चालत आलं आहे. त्याच्या जागी 1966 चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला आणि त्याचं कलम 44 म्हणजे आपण ज्याला 'एनए' म्हणतो ते. अर्जावर 90 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं, अशीही त्यात तरतूद. पण नुसती कलेक्टरची सही पुरत नाही. त्याच वर्षीच्या नगररचना कायद्याने प्रादेशिक योजना आणि विकास आराखडा हे दोन नकाशे आणले. नकाशावर जमीन पिवळी असेल तर रहिवासी, हिरवी असेल तर शेती किंवा ना-विकास. हिरवी जमीन पिवळी करायची तर नकाशाच बदलावा लागतो, आणि तो बदल लोकांना न विचारता करता येत नाही.

इथे मला थोडं थांबून सांगायचंय, कारण आपल्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही हे ठाऊक नसतं. प्रादेशिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी किमान चार महिने द्यावे लागतात. शहराच्या विकास आराखड्याला 30 दिवस. आलेल्या हरकती ऐकायला महापालिकेची नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. मंजूर आराखड्यात नंतर एखाद्या तुकड्यापुरता बदल करायचा असेल तरी कलम 37 प्रमाणे राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते, महिनाभर हरकती घ्याव्या लागतात, आणि मग प्रस्ताव सरकारकडे जातो. ही नोटीस छोट्या टायपात, जाहिरातींच्या गर्दीत असते. आपण ते पान उलटून क्रिकेट वाचतो.

आपली फाइल

आपली फाइल ग्रामपंचायतीच्या काळात सुरू झाली आणि महापालिकेच्या काळात पुरी झाली. 1997 साली पुणे महापालिकेत एकदम 38 गावं घेतली गेली, त्यात आपलंही. पुढे 2001 मध्ये 15 गावं पूर्ण किंवा अंशतः पुन्हा बाहेर काढली, आपण आत राहिलो. या हद्दीच्या खेळात झालं असं, की पंचायतीचा ना-हरकत दाखला होता, पण तिची पाण्याची योजना गावठाणापुरतीच. महापालिकेची मंजुरी होती, पण तिची पाइपलाइन अजून यायची होती. परवानगी दोघांनी दिली, पाणी कोणी द्यायचं हे कोणीच लिहून दिलं नाही. सुरुवातीची वर्षं टँकरवर काढलेले सभासद हे वाचताना मान डोलावतील. बी विंगमधल्या आज्या अजून सांगतात, टँकरचा हॉर्न ऐकला की पोळी तव्यावर टाकून बादली घेऊन पळायचं.

पण त्याच फाइलीत एक चांगली गोष्टही आहे. लेआउटच्या नकाशावर उत्तरेला एक चौकोन आखलेला आहे आणि त्यावर लिहिलंय 'मोकळी जागा'. मोठी जमीन विभागून बांधायची तर दहा टक्के जागा सगळ्यांसाठी मोकळी ठेवायची, हा नियम. आजच्या नियमावलीतही 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर आणि त्यावरच्या जमिनीला तो आहेच. बांधणाऱ्याला तिथे आणखी एक इमारत सहज बसली असती. बसली नाही, ती कोणाच्या मोठ्या मनामुळे नाही, मंजुरीच्या टेबलावर बसलेल्या कुणा नगररचनाकाराने लाल शाईने रेष मारली म्हणून. त्या चौकोनात आज आपली बाग आहे. तिथे आपली मुलं क्रिकेट खेळली, लॉकडाउन उठल्यावर तिथेच आपण अंतर ठेवून पहिल्यांदा एकमेकांना भेटलो, आणि रौप्यमहोत्सवाचा मांडवही तिथेच पडतोय.

रस्त्याच्या पलीकडे

आपल्या गेटसमोरचा रस्ता ओलांडला की गुंठेवारीची वस्ती. तिथल्या जमिनीचेही तुकडे पडले, पण कुठल्याच टेबलावर न जाता. शेतकऱ्याला मुलीच्या लग्नाला पैसे हवे होते, घेणाऱ्याला एक-दोन गुंठे परवडत होते. शंभराच्या, पाचशेच्या स्टँपवर व्यवहार झाला. रस्ता म्हणजे दोन घरांमध्ये जे उरलं ते. 2001 साली सरकारने गुंठेवारीचा कायदा केला आणि 1 जानेवारी 2001 पूर्वीचे भूखंड दंड-शुल्क भरून नियमित करायची सोय केली. 2021 मध्ये ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली. घरं नियमित झाली, पण रस्ता काही रुंद झाला नाही. आजही तिथे अग्निशमनची गाडी वळत नाही आणि अॅम्ब्युलन्स आपल्या गेटापाशी थांबते.

आपल्या मीटिंगमध्ये त्या वस्तीबद्दल 'अनधिकृत' हा शब्द नाक मुरडून वापरला जातो. मला तो पटत नाही. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशी, आपले वॉचमन, रिक्षावाले तिथे राहतात. आपण काही त्यांच्यापेक्षा शहाणे नव्हतो. आपल्या जमिनीला प्रश्न विचारणारं कोणीतरी होतं, त्यांच्या जमिनीला नव्हतं, एवढाच फरक.

विचारलं तर काय होतं

विचारून काही होत नाही, असं म्हणणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांच्यासाठी दोन उदाहरणं. 1997 साली आलेल्या गावांपैकी आत राहिलेल्या 23 गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर 978 हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, आणि त्यासाठी नागरिकांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्यावर जमीनमालकांचीही बाजू आहे. मोबदल्याशिवाय जमीन अडकून पडली, ही त्यांची तक्रार खोटी नाही. दुसरं उदाहरण गोव्याचं. तिथे 2011 साठीची प्रादेशिक योजना आली तेव्हा शेतं आणि डोंगर वसाहतीसाठी खुले केल्याचं लोकांच्या लक्षात आलं. गावोगाव सभा झाल्या, आंदोलन पेटलं आणि 2007 साली सरकारला ती योजना मागे घ्यावी लागली. पुढच्या, 2021 च्या योजनेच्या वेळी नकाशे ग्रामसभांपुढे नेण्यात आले. आपल्या गावाची कुठली जमीन कशासाठी, हे गावकऱ्यांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं.

आता मुद्द्याचं. आपल्या पूर्वेच्या कंपाउंडपलीकडची जमीन अजून आराखड्यात हिरवी आहे. ती विकली जाण्याची बोलणी सुरू आहेत, हे आता सगळ्यांना माहीत आहे. नोटीस आलेली नाही, पण येईल. मागच्या सर्वसाधारण सभेत दोन मतं ऐकू आली. एक, "काहीही करून ते थांबवा, आमचा उजेड-वारा जाईल." दुसरं, "आपल्याला काय करायचंय?"

मला दोन्ही मान्य नाहीत. थांबवा म्हणायचा हक्क आपल्याला नाही. पंचवीस वर्षांपूर्वी गावकरी तसं म्हणाले असते तर आपण इथे नसतो. ज्यांची ती जमीन आहे त्या घरातही आता शेती करणारं कोणी उरलेलं नाही, आणि आपल्यासारखीच तरुण जोडपी तिथे कर्ज काढून घर घेणार आहेत. पण 'आपल्याला काय' म्हणणंही चूक. 2014 पासून महसूल कायद्यात 42-अ आणि पुढची कलमं आली. आराखड्यात जमीन रहिवासी झाली की कलम 44 च्या वेगळ्या परवानगीची गरज उरत नाही. गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीलाही तशी सवलत आहे. लोकांचे हेलपाटे वाचले, हे चांगलंच झालं. पण त्याचा अर्थ असाही, की आधी दोन-तीन टेबलांवर जे प्रश्न विचारले जायचे ते आता नकाशा बदलतानाच विचारावे लागणार. नंतर दार नाही.

म्हणून माझी कमिटीला आणि सगळ्या सभासदांना विनंती आहे. नोटीस आली की महिन्याच्या आत सोसायटीच्या लेटरहेडवर एक हरकत-सूचना द्यावी, आणि तीत चारच गोष्टी मागाव्यात. पाणी कुठून येणार ते आधी लिहून द्या. रस्ता आपल्या गेटापर्यंत नाही, पलीकडच्या गुंठेवारी वस्तीपर्यंत रुंद करा. दोन्ही जमिनींच्या मधून वाहणारा ओढा पाइपात घालू नका, पावसाळ्यात तो कुठवर येतो ते तळमजल्यावरच्यांना विचारा. आणि त्यांची दहा टक्के मोकळी जागा आपल्या बागेला लागून घ्या, म्हणजे दोन्हीकडच्या मुलांना मोठं मैदान मिळेल. सुनावणीला दोन-तीन जणांनी नव्हे, निदान वीस जणांनी जावं. पलीकडच्या वस्तीतल्या मंडळींनाही बरोबर घ्यावं, कारण रस्त्याची गरज आपल्यापेक्षा त्यांना जास्त आहे.

जुनी फाइल मी स्कॅन करून सोसायटीच्या कॉम्प्युटरवर ठेवली आहे. मूळ कागद मात्र कपाटातच राहू द्या. नव्या कमिटीला एकच सांगणं, रद्दीवाला आला की खालच्या कप्प्याची किल्ली त्याला देऊ नका.