सोन्याचा वर्ख आणि नवे साधन

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) आपल्या राजधानीत देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ साली इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ येथेच छापले गेले. परके म्हणून नवे साधन दूर सारावयाचे नाही, हा धडा या नगराने तेव्हाच घेतला. त्याची परीक्षा २०२० च्या महामारीत पुन्हा झाली.

मराठे राजांच्या आश्रयाने बहरलेली तंजावर चित्रकला हा लहान कारागिरांचा व्यवसाय. फणसाच्या फळीवर कापड चिकटवावयाचे, लुकणाने उठाव द्यावयाचा, खडे बसवून सोन्याचा वर्ख लावावयाचा. बृहदीश्वराच्या दर्शनास येणारा प्रवासी हे या मालाचे मोठे गिऱ्हाईक. १७ मार्च २०२० पासून देशातील संरक्षित स्मारके बंद झाली, २५ मार्चपासून टाळेबंदी आली आणि हा ओघ आटला. तेव्हा अनेक कारागीर व विक्रेते भ्रमणध्वनीकडे वळले. व्हॉट्सॲपवरून चित्रे दाखवू लागले, यूपीआयने पैसे घेऊ लागले.

परंतु खऱ्या व नकली वर्खातील भेद छायाचित्रात कळत नाही. उठावावर बोट फिरविता येत नाही. गिऱ्हाइकाने विकत घेतला तो वस्तुतः कारागिराचा शब्द. ज्याच्या गाठी जुन्या गिऱ्हाइकांचा विश्वास होता, त्याला हे साधन फळावे. केवळ दलालाच्या आधाराने जगणाऱ्यास ते तितके कसे फळावे?

छापखान्याने शब्द दूरवर नेला. त्याची किंमत लिहिणाऱ्यानेच राखावयाची होती. या नव्या साधनाचेही तसेच आहे.