मुळीपासून गोळीपर्यंत

नाशिकास गंगेच्या कांठीं किंवा गंगापूर रस्त्यावर सकाळीं फिरावयास जी प्रौढ मंडळी निघते, तिच्या संभाषणाचे विषय पूर्वीं ठरलेले असत: पाऊस, निवडणूक आणि द्राक्षांचा भाव. अलीकडे त्यांत चौथ्या विषयाची भर पडली आहे. "तुमचा किती?" एवढेंच एकजण विचारतो, आणि दुसरा "एकशें चाळीस, नव्वद" असें सांगून मोकळा होतो. कशाचा किती, हें सांगावें लागत नाहीं. रक्तदाबाचे आंकडे इतके घरगुती होऊन बसले आहेत. परंतु ह्या आंकड्यांच्या पुढचा जो प्रश्न, कीं "आजची गोळी घेतली काय?", तो मात्र कोणी कोणास विचारीत नाहीं. आमच्या मतें सर्व विषयाचें मर्म ह्या न विचारलेल्या प्रश्नांत आहे, आणि तें समजण्यासाठीं ह्या रोगाचा व त्याच्या औषधाचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहिला पाहिजे. त्या इतिहासाची वाट आपल्या मुंबईंतून, परळच्या एका रुग्णालयावरून, गेलेली आहे. ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक नसते.

रक्तदाब हा रोग जुना, पण त्याचें ज्ञान नवें. आपल्या वैद्यांनीं नाडीपरीक्षेचें शास्त्र रचिलें, अर्धांगवायूचीं लक्षणें बारकाईनें नमूद केलीं. परंतु ज्या रोगाला वेदना नाहीं, ताप नाहीं, सूज नाहीं, त्याला भाषेंत नांव तरी कोठून असणार? घर पडलें म्हणजे दिसतें, वाळवी दिसत नाहीं, तशांतला हा प्रकार होता. इंग्लंडांत स्टीफन हेल्स नांवाच्या एका पाद्र्यानें घोडीच्या रोहिणींत नळी बसवून रक्त किती उंच चढतें हें मोजलें व आपले प्रयोग १७३३ सालीं प्रसिद्ध केले. पण ही रीत माणसाच्या उपयोगाची नव्हती. १८९६ सालीं इटलींतील रिव्हा-रोची यानें दंडाभोंवतीं हवेची पट्टी आवळून पाऱ्याच्या नळीवर दाब मोजण्याची युक्ति काढिली, आणि १९०५ सालीं रशियांतील कोरोटकॉव्ह यानें त्या पट्टीखालीं कर्णनलिका ठेवून आवाज ऐकावयास सांगितलें. आपल्या डॉक्टरांच्या टेबलावर परवांपरवांपर्यंत जें पाऱ्याचें यंत्र असे, त्याची वंशावळ ही अशी आहे. त्या दिवसापासून, जो रोगी स्वतःस निरोगी समजतो त्यास "तुम्ही आजारी आहां" असें सांगण्याचें विलक्षण काम वैद्याकडे आलें.

पण सांगून करावयाचें काय? औषध नव्हतें. याचें मोठें उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचें. १९४४ च्या मार्चांत त्यांचा दाब १८६ वर १०८ भरला. मीठ कमी करा, विश्रांति घ्या, धूम्रपान आवरा, यांपलीकडे त्यांच्या वैद्यांस फारसा उपाय ठाऊक नव्हता. १२ एप्रिल १९४५ रोजीं डोकें दुखतें असें म्हणून ते कोसळले. त्या वेळीं मोजलेला दाब तीनशेंच्या वर होता. जगांतील अत्यंत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखास जी गोळी मिळाली नाहीं, ती आज कोणत्याही खेड्याच्या आरोग्यकेंद्रांत फुकट मिळते. हें अंतर अवघ्या एका आयुष्याचें आहे.

आतां ह्या गोळीच्या पूर्वजांकडे वळूं. सर्पगंधा हें आपल्या देशांतील ओलसर रानांत वाढणारें एक लहानसें झुडूप. त्याची कडू मुळी सर्पदंशावर, पोटाच्या दुखण्यावर आणि वेडावर देण्याची चाल फार जुनी आहे. बिहाराकडे तर तिला वेड्यांचें औषध म्हणूनच ओळखीत. डॉ. डायमॉक व त्यांचे सहकारी यांनीं १८९० पासून पुढें प्रसिद्ध केलेल्या भारतीय औषधींच्या कोशांत एक चित्तवेधक नोंद आहे: दक्षिण कोंकणांतून मुंबईस येणारे बहुतेक मजूर ह्या मुळीचा थोडासा सांठा जवळ बाळगीत आणि पोटदुखीवर ती घेत. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या त्या माणसांच्या पडशींत पुढें साऱ्या जगास हवें होणारें औषध होतें. मात्र त्यांस वा त्यांच्या साहेबांस याची कल्पना नव्हती.

१९३१ हें सालच जणू ह्या मुळीच्या भाग्योदयाचें ठरलें. दिल्लीस सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनीं तिच्यांतून कांहीं अल्कलॉइडें वेगळीं काढिलीं, आणि हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ त्यांतील एकास 'अजमलीन' असें नांव दिलें. त्याच सालीं कलकत्त्यास कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस, म्हणजे एक आयुर्वेदाचा पंडित व एक पाश्चात्त्य वैद्यकाचा पदवीधर, यांनीं मिळून असें प्रसिद्ध केलें कीं, ही मुळी उन्मादाप्रमाणेंच वाढलेल्या रक्तदाबावरही गुणकारी आहे. दोन शास्त्रांच्या अनुयायांनीं एकमेकांस नांवें ठेवण्याच्या त्या काळांत ही जोडी आम्हांस विशेष आदरणीय वाटते.

तरीही ह्या गोष्टी हिंदुस्थानच्या सीमेबाहेर फारशा गेल्या नाहींत. त्या नेल्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं. १९११ सालीं मुंबईंत जन्मलेले हे पारशी गृहस्थ लंडनास वैद्यक शिकून परत आले आणि परळच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयांत हृदयरोग पाहूं लागले. रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवर सर्पगंधेचा शिस्तवार प्रयोग करून त्यांनीं त्याचा वृत्तांत १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल' ह्या नियतकालिकांत छापिला. ज्या परळ-लालबागच्या चाळींतून कोंकणी मजूर राहत, तेथेंच हें रुग्णालय उभें असावें हा निव्वळ योगायोग खरा. पण इतिहासाच्या अभ्यासकास असे योगायोग सोडवत नाहींत.

त्या एका लेखानें काम केलें. बोस्टनचे डॉ. विल्किन्स यांनीं औषध मागवून अमेरिकेंत अनुभव घेतला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं मुळींतून 'रेसर्पीन' हें मुख्य द्रव्य शुद्ध रूपांत काढिलें. आणि १९५७ सालीं डॉ. वकिलांस अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. पुढें ह्या औषधाचे दोषही दिसून आले. नाक चोंदे, सुस्ती येई, आणि विशेषतः मोठ्या मात्रेंत कित्येकांचें मन उदासीन होई. अधिक सौम्य औषधें आल्यावर तें मागें पडलें, हें योग्यच झालें. म्हणून आमच्या वाचकांपैकीं कोणी स्वदेशाभिमानानें बाजारांतून सर्पगंधेचें चूर्ण आणून स्वतःवर प्रयोग करूं नये. आमच्या नाशिकास १९९८ सालीं स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठांत आयुर्वेद व आधुनिक वैद्यक ह्या दोन्ही शाखांचे विद्यार्थी एकाच छत्राखालीं पदवी घेतात. त्यांनीं तरी ही कथा दोन्ही बाजूंनीं नीट वाचावी.

परंतु पूर्वजाच्या हातून एक मोठें कार्य व्हावयाचें होतें. दाब उतरला म्हणजे रोग्याचें आयुष्य खरोखर वांचतें काय, ही शंका अनेक वर्षें होती. अमेरिकेंत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून डॉ. फ्रीस यांनीं तिचा निकाल लाविला. ज्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता असे १४३ पुरुष त्यांनीं घेतले. कांहींस तीन औषधें एकत्र दिलीं, बाकीच्यांस दिसावयास तशाच पण निःसत्त्व गोळ्या दिल्या. त्या तीन औषधांत आपल्या मुळीचें रेसर्पीन एक होतें. १९६७ सालीं निकाल छापला, तो असा: निःसत्त्व गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांवर गंभीर आपत्ति ओढवली, औषध घेणाऱ्यांत केवळ दोघांवर.

हे आंकडे सर्वत्र सांगितले जातात. आम्हांस मात्र त्या प्रयोगाच्या आरंभीची गोष्ट अधिक बोधप्रद वाटते. खरी परीक्षा सुरू करण्यापूर्वीं डॉ. फ्रीस यांनीं रोग्यांस निःसत्त्व गोळ्या देऊन घरीं पाठविलें. त्या गोळ्यांत रिबोफ्लेव्हिन हें जीवनसत्त्व मिसळलेलें होतें. तें पोटांत गेलें म्हणजे मूत्र अतिनील किरणांत चमकतें. रोगी परत आला कीं उरलेल्या गोळ्या मोजीत आणि मूत्र तपाशीत. ज्यांच्या गोळ्या व चमक यांचा मेळ बसेना, त्यांस प्रयोगांतून वगळलें. म्हणजे औषधाची परीक्षा घेण्याआधीं शास्त्रज्ञानें माणसाची परीक्षा घेतली. घेतलेल्या औषधाचाच गुण मोजतां येतो, हें त्यानें ओळखलें होतें.

आमच्या घरीं हा चाचणीचा प्रसंग फार उशिरां आला. आमच्या वडील बंधूंस निवृत्तीच्या सुमारास रक्तदाब निघाला. सहा महिने त्यांनीं गोळी नेमानें घेतली; आंकडा खालीं आला. "आतां उतरला ना? मग जन्मभर कशाला?" असें ते हंसून म्हणाले, आणि आम्हीं, पुस्तकें वाचणाऱ्या धाकट्या भावानें, त्यावर मान डोलाविली. दोन वर्षांनीं आषाढांतल्या एका सकाळीं त्यांच्या उजव्या हातास चहाची कपबशी उचलेना, आणि बोलावयास गेले तों शब्द फुटेना. पुढें त्यांचा खण आवरतांना औषधाच्या पट्ट्या सांपडल्या: महिन्यामहिन्याच्या, दुकानदाराच्या पावतीसह नीट लावून ठेवलेल्या, आणि प्रत्येकींतल्या दोनतीनच गोळ्या फोडलेल्या. औषध विकत आणण्याची आठवण त्यांस दर महिन्यास राहिली होती. घेण्याची राहिली नाहीं. ते विसराळू होते असें म्हणावें, तर रामरक्षा त्यांस पाठ होती आणि घरांतील सर्वांच्या जन्मतिथि तोंडावर होत्या. त्यानंतर ते तीन वर्षें जगले. आमचें नांव त्यांच्या ओठांवर पुन्हां आलें नाहीं. डावा हात उंचावून ते आम्हांस हांक मारीत.

तेव्हां हा प्रश्न स्मरणशक्तीचा नव्हे, असें आमचें ठाम मत झालें आहे. तापाची गोळी ताप उतरवून आपली आठवण स्वतःच करून देते. दांतदुखीची गोळी विसरली तर दांत आठवण देतो. रक्तदाबाची गोळी घेतली तरी कांहीं जाणवत नाहीं, न घेतली तरी कांहीं जाणवत नाहीं. तिचें यश म्हणजे एक न घडलेली गोष्ट. आणि न घडलेल्या गोष्टीचा इतिहास कोणास लिहितां येत नाहीं, मग तिची आठवण कशी राहावी? हा दोष एकट्या आमच्या बंधूंचा नव्हे. श्रीमंत देशांतही दीर्घकाळच्या रोगांत सुमारें निम्मेच लोक औषध नेमानें घेतात, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००३ सालीं नमूद केलें. आणि रक्तदाबाच्या दर पांच रोग्यांपैकीं चौघांस पुरेसा उपचार मिळत नाहीं, असें तिनेंच २०२३ सालीं सांगितलें.

जें स्मरणावर टिकत नाहीं तें नेमावर टिकतें. आपल्या घरांतून तिन्हीसांजेस दिवा लागतो. तो कोणी आठवणीनें लावीत नाहीं, वेळ झाली कीं हात आपोआप काडेपेटीकडे जातो. गोळी अशाच एखाद्या मुरलेल्या नेमाच्या खुंटीस बांधली पाहिजे. आमची गोळी आतां चहाच्या डब्याशेजारीं सात खणांच्या पेटींत असते, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत दुधाच्या खाड्यांची जेथें नोंद होते तेथेंच पत्नी गोळीची खूण करिते. खूण दिसली नाहीं तर घरांत विचारणा होते, आणि ती आम्हांस मुळींच जाचक वाटत नाहीं. एकादशीला व चतुर्थीला उपवास म्हणून गोळी टाळणारे आमच्या परिचयाचे पुष्कळ आहेत. त्यांस एवढेंच सांगणें कीं, औषधानें उपवास मोडत नाहीं, पण औषध मोडल्यानें कुटुंब मोडतें. एखादे दिवशीं चुकलीच, तर दुसऱ्या दिवशीं दोन घेऊं नयेत. आणि आंकडा उतरला म्हणून वैद्यास न विचारतां बंद तर कधींच करूं नये. आंकडा उतरला आहे तो गोळीमुळेंच.

सरकारी व्यवहारांतही हेंच तत्त्व उपयोगी पडलें आहे. २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्रासह पांच राज्यांतील २५ जिल्ह्यांत रक्तदाबनियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यांत नवें औषध कोणतेंच नव्हतें. सर्वांस एक ठरलेली सोपी औषधयोजना, महिन्याचें औषध घराजवळच्या केंद्रांतून, प्रत्येक रोग्याचें एक कार्ड, आणि जो ठरल्या दिवशीं आला नाहीं त्याची चौकशी, एवढेंच. म्हणजे दुधाच्या खाड्यांची वहीच सरकारनें मोठ्या प्रमाणावर मांडली. २०२२ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं ह्या उपक्रमाचा गौरव केला.

कोंकणी मजुराच्या पडशीपासून निघालेली ही कथा दिल्ली, कलकत्ता, परळ, बोस्टन अशी फिरून शेवटीं आपल्या स्वयंपाकघरांतल्या फळीवर येऊन थांबली आहे. शास्त्रज्ञांनीं त्यांच्याकडील काम केलें. ती गोळी फळीवरून तोंडापर्यंत नेण्याचें, म्हणजे सारें मिळून दोन हातांचें, अंतर तेवढें आपणांकडे उरलें आहे. आमच्या बंधूंच्या खणांत कथा त्याच अंतरावर अडली. म्हणून उद्यां सकाळीं गंगेवर एखादा स्नेही भेटला, तर "तुमचा किती?" असें विचारून थांबूं नका. पुढचाही प्रश्न विचारा. आम्हांस तो वेळीं विचारतां आला नाहीं.