गळ्यांतला पट्टा आणि हातांतली दोरी

कुत्र्याच्या गळ्यांतील पट्टा हा इतिहासाचा विषय आहे असें मीं म्हटल्यास आपणांपैकीं पुष्कळांस हसूं येईल. राजे, लढाया आणि तहनामे यांच्या पंक्तीस ही वीतभर चामड्याची पट्टी कशी बसणार? परंतु मनुष्य आणि कुत्रा यांच्यामधील ही दोरी जगांतील बहुतेक राज्यांहून जुनी आहे. आणि आपल्या मुंबईंत तर तिच्या असण्यानसण्यावर एके काळीं कुत्र्याचें जगणें-मरणें ठरत असे.

अरबस्तानाच्या वायव्य भागांत शुवैमिस व जुब्बा येथील खडकांवर शिकारीचीं चित्रें कोरलेलीं आहेत. त्यांचा अभ्यास 2017 सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं कुत्र्यांच्या गळ्यापासून निघालेली रेषा थेट शिकाऱ्याच्या कमरेस पोंचते. हीं चित्रें आठ-नऊ हजार वर्षांपूर्वींचीं असावींत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दोरी हातांत नसून कमरेस आहे, ही गोष्ट मला मोठी मार्मिक वाटते; धनुष्य ओढावयास दोन्ही हात मोकळे हवेत ना! पुढें निनव्हे येथील असुरबनिपाल राजाच्या शिल्पांत शिकारी कुत्रे सेवकांनीं ताणून धरलेले दिसतात. इ.स. 79 मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई शहरांत एका घराच्या उंबरठ्यापाशीं साखळीनें बांधलेला कुत्रा रंगीत खड्यांनीं चितारलेला आहे. आपल्याकडे, कुत्र्यांचा कळप घेऊन हिंडणाऱ्या शिकाऱ्यास ‘श्वगणिक’ म्हणावें, हें पाणिनीनें सूत्रांत सांगून ठेविलें आहे.

परंतु या सर्व दोऱ्या कुत्र्यास सावजावर सोडीपर्यंत आवरण्यासाठीं, किंवा दारांत बांधून ठेवण्यासाठीं होत्या. धन्याच्या पावलाबरोबर रमतगमत चालावें, ही अपेक्षा त्यांत नव्हती.

मराठ्यांच्या इतिहासांतील प्रसिद्ध कुत्रा म्हणजे सातारकर शाहूमहाराजांचा. शिकारींत वाघापासून त्यानें महाराजांचे प्राण वांचविले, म्हणून त्यास जहागीर व पालखीचा मान मिळाला. आणि एकदां भर दरबारांत महाराजांनीं त्यास जरीचीं वस्त्रें व जवाहीर घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेविली, असें ग्रँट डफ यानें 1826 सालच्या आपल्या इतिहासग्रंथांत लिहिलें आहे. पालखींत बसणाऱ्या कुत्र्यास साखळीनें चालावयास कोण शिकविणार! मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं मात्र आपल्या मुलखांतील सडपातळ, लांब पायांच्या शिकारी कुत्र्यांची जात निगुतीनें जोपासली व एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास नजर केली. त्या जातीचें चित्र 2005 सालीं भारताच्या टपाल तिकिटावरही आलें.

आतां मुंबईकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मोकाट कुत्रीं मारण्याचा हुकूम कंपनी सरकारनें काढला होता. वर्षांतील ठराविक दिवस नेमलेले असत आणि कुत्र्यामागें शिपायास आठ आणे बक्षीस असे. 1832 सालीं ही मुदत लांबवून 15 जूनपर्यंत नेली. बक्षिसाच्या लोभानें शिपाई मालकीचीं, निरुपद्रवी कुत्रींही धरून मारतात, अशी लोकांची तक्रार होती. ज्या कुत्र्याच्या गळ्यांतील दोरीचें टोंक कोणाच्या हातांत नाहीं, तें बेवारशी, असा हा हिशेब! पारशी समाजांत मृताच्या अंत्यविधींत कुत्र्याची दृष्टि पडणें आवश्यक मानितात. त्यांस हें कसें सोसावें? 6 जून रोजीं कोटांत पारशांचा जमाव शिपायांवर चालून गेला. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद पडला. हिंदु, जैन व मुसलमानही त्यांत मिळाले आणि लष्कराची रसद अडविण्यांत आली. धरपकड झाली, पण शेवटीं कुत्रीं ठार न मारतां गांवाबाहेर नेऊन सोडण्याचा मार्ग सरकारास पत्करावा लागला. दोनच वर्षांनीं, 1834 मध्यें, जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरपोळ उभी राहिली.

चालावयास शिकविण्याचें शास्त्र याहून पुष्कळ अलीकडचें. कोन्राड मोस्ट या जर्मन अधिकाऱ्याचें पुस्तक 1910 सालचें. त्यांत हिसका व शिक्षा यांस मोठें स्थान होतें. 1980 सालीं इंग्लंडांत बार्बरा वुडहाउस या बाईंनीं दूरदर्शनावर घरोघर धडे दिले, तेव्हांही फांसासारखी आवळणारी साखळीच वापरांत होती. ज्या कृतीचें फळ गोड तीच प्राणी पुन्हां करतो, हें थॉर्नडाइक यानें 1898 मध्येंच दाखविलें होतें. पण तें घरगुती कुत्र्याच्या दोरीपर्यंत उतरावयास जवळजवळ शतक गेलें. छडीवांचून विद्या नाहीं असें मानणाऱ्या शाळा मीं पाहिलेल्या आहेत, त्यामुळें या विलंबाचें मला नवल वाटत नाहीं.

मीं राहतों त्या तुर्भ्याचेंच पाहा. आगरी-कोळ्यांच्या या गांवीं कुत्रें अंगणांत मोकळें असे. त्यास फिरावयास नेणें ही कल्पनाच नव्हती. मग ठाणें-बेलापूर रस्त्यालगत कारखाने आले, 1970 सालीं सिडको स्थापन झाली, पुढें मुंबईचे घाऊक बाजार इकडे हलले. गाळ्यांच्या घरांत अंगण कोठलें? म्हणून पामेरियन किंवा पग जातीचें लहानसें कुत्रें घेऊन माणसें सकाळ-संध्याकाळ जिना उतरूं लागलीं. बहुधा कुत्रेंच धन्यास ओढीत असतें, आणि धनी उलट ओढतो.

ही ओढाओढ लहान कुत्र्यास बाधक आहे. त्याची श्वासनलिका नाजूक. कित्येक छोट्या जातींत ती चेपण्याचा विकारच असतो. म्हणून गळ्याऐवजीं छातीभोवतीं बसणारा पट्टा घ्यावा. प्रथम तो घरांतच घालून संवय करावी. दोरी सैल राहून कुत्रें आपल्या पायाशीं आलें कीं तत्क्षणीं खाऊचा कण द्यावा. दोरी ताणली कीं झाडासारखें उभें राहावें. हिसका नको, ओरडणें नको. कुत्र्यानें मागें वळून पाहिलें, दोरी सैल झाली, कीं पुढें चालावें. ओढल्यानें रस्ता थांबतो आणि सैल सोडल्यानें सुरू होतो, एवढेंच त्यास कळावयाचें असतें. घरांतील सर्वांनीं एकच रीत पाळावी. आजोबांनीं थांबावें आणि नातवानें धांवत सुटावें, असें झाल्यास कुत्र्यानें कोणाचें ऐकावें? आरंभीं पांच-दहा मिनिटें पुरेत, आणि तींही मालमोटारींची वर्दळ नसलेल्या गल्लींत. वास घेण्यास मात्र त्यास थांबूं द्यावें. आपण वर्तमानपत्र चाळतों तसा तो त्याचा वाचनाचा वेळ आहे.

ज्यांस एवढीही सवड नाहीं त्यांच्यासाठीं कायदा आहे. 1960 सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें, नेहमीं बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी हिंडूं-फिरूं न देणें हा अपराध आहे. अवाजवी आंखूड अथवा जड साखळीनें फार वेळ बांधणें हाही अपराधच. 1832 सालीं दोरी नसलेलें कुत्रें मारलें जाई. या कायद्यानें दोरी धरणाऱ्या हातासही जाब विचारला.